अकरा खेपा

ब्राइस आला तेव्हा मी कोबीची खालची पानं खुडत होते.
कोंबड्यांसाठी. सवयीने.
"अजून घालता त्यांना हे?" त्याने विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
माणूसभर उंचीचं गिरमिट
अंगणात पिळायला लागला.

शून्य ते वीस: काळी, ओली, एका गांडुळासकट.
वीस ते चाळीस: तशीच, जरा पिवळसर.
मूठ मूठ माती वेगळ्या पिशवीत, पिशवीवर आकडा.
बाळंतिणीच्या खोलीत बोलावं
तसा हळू बोलत होता.

साठला पांढरं लागलं.

वास आधी आला.
कुबट, गोडसर, ट्रंकेत राहिलेल्या ओल्या लोकरीसारखा.
बाबांच्या कोटाचा वास.
मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा
हा वास घेऊन घरी येतात.

"ही भर कुणी घातली?"
"माहीत नाही. आमच्या आधीची असेल."

दगडी खांबांवरच्या मक्याच्या कोठाराखाली
आई शेंगा सोलत होती.
ओब्दूलिया, वय एक्क्याऐंशी, ऐकू कमी येतं.
पण या वाक्याला तिचा अंगठा थांबला.

खरं असं, की
कारखान्याच्या मागच्या फाटकाशी त्याचा डोंगर होता.
किलोभर औषध काढलं की सात-आठ किलो हे उरायचं.
न्या म्हणायचे, हवं तेवढं न्या.
फुकट ते पौष्टिक, म्हणाले बाबा,
आणि एलादिओची हातगाडी मागून आणली.
गाय रुतायची तो खड्डा भरून निघाला.
मी नुकती आकडे शिकले होते. खेपा मोजल्या.
अकरा.
शेवटच्या खेपेला गाडीत बसून आले,
पिठाच्या ढिगावर, राणीसारखी.

अहवाल सांतियागोहून आला, दोन महिन्यांनी.
अंडी खाऊ नयेत. विहिरीचं पाणी झाडांनाही घालू नये.
कोंबड्या नष्ट कराव्यात.
भरावाचं मूळ: अज्ञात.
प्रमाण: अंदाजे सव्वा टन.

मी आईला वाचून दाखवला, मोठ्याने, दोनदा.
मग म्हटलं, अंदाजे कशाला,
अकरा खेपा होत्या, मला पाठ आहेत.

आईने चष्मा काढला, पदराच्या जागी
एप्रनला पुसला, परत घातला.

"बारा," म्हणाली.
"बारावी मी आणली, रात्री. तू झोपली होतीस.
अळी फार पडायची तेव्हा.
ती कोबीखाली आहे."