दहा सेकंद

तोताराम काकांनी लुना विकली, आईच्या पाटल्या मोडल्या
आणि मुंबईहून दहा सेकंद विकत आणले.
सावद्याच्या बाजारात लोक विचारायचे,
दाखवा की, केवढे आहेत?

तोवर आमचे केळीचे वेफर किलोवर जायचे,
पेपरच्या पुडीत.
तेल बातमीवर पसरायचं,
मंत्री पारदर्शक व्हायचे.

जाहिरातीत मी होते. नऊ वर्षांची, दोन वेण्या.
एक वेफर खायचा आणि हसायचं, एवढंच काम.
पण डबा मुंबईला उघडला तर वेफर सादळलेले.
मी चावायची, आवाजच येईना.
बाराव्यांदा कॅमेरावाल्याने घड्याळ पाहिलं.
तेव्हा आईने पिशवीतून बिबडं काढलं,
ज्वारीचं, आमच्याच धाब्यावर वाळलेलं.
पडद्याआड उभी राहिली.
मी दात रोवले की ती दोन बोटांनी मोडायची.

कडाक.

रविवारच्या सिनेमाआधी लागणार होती.
गल्लीत टीव्ही एकच, गुरांच्या डॉक्टरांकडे.
ओसरीत साठेक माणसं, खिडकीला पोरं लोंबकळलेली,
नामदेव खाचणे वर अँटेना धरून, ओरडत, "आता? आता?"
साबण झाला. सायकल झाली.
लाईट गेली.
आली तेव्हा नायिका रडत होती.
काका चपला शोधता शोधता म्हणाले,
"पाटल्या वाजल्याबी नही."

गुरुवारी पोस्टमनने पायरीवर पिशवी ओतली.
नागपूर, मिरज, कुठलंसं माजलगाव.
कंपनीचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.
पत्ता असा: कडाक वाजणारे वेफरवाले, सावदा.
काळ्यापांढऱ्या पडद्यावर पिवळा रंग कुणाला दिसणार?
लोकांनी आवाज मागवला होता.

मग दोन कढयांच्या अकरा झाल्या,
फैजपूर रस्त्याला शेड, शेडला भोंगा,
भोंग्यावर गावाची घड्याळं.
ती जाहिरात आम्ही घरच्यांनी
अजून पाहिलेली नाही.

आता पाकिटात वायू भरतात, वेफर सादळत नाही.
तपासायला मीच बसते.
डोळे मिटून चावते,
दिवसाकाठी शंभर, पोट बिघडतं.
चांगला वाजतो. बराच चांगला.
पण तसा नाही.

काकांनी जाताना आईला नव्या पाटल्या केल्या, जाड, चार.
कपाटात आहेत.
घाल की, म्हटलं तर म्हणते,
हात जड होतो गं
बिबडं थापताना.