मागच्या ओळीतले किलो

जानेवारीत पथारीवरची मिरची
कीबोर्डच्या फटीतसुद्धा वाळते.
मी तोंडाला रुमाल बांधून बसायचो
नंदुरबारला, वजनकाट्याच्या खोलीत,
आणि दर शनिवारी साठ-सत्तर बायांची मजुरी काढायचो.

देठ खुडायचे. किलोवर पैसे.
एका शीटवर बिल्ला नंबर, नाव, गाव,
दुसऱ्या शीटवर वजनं.
दोन रात्री जागून मॅक्रो लिहिला,
त्याच्या पोटात व्हीलूकअप बसवला,
शेवटी आठवणीने फॉल्स टाकलं:
जवळपासचं चालणार नाही, हुबेहूब तेच हवं.
तेवढं कळत होतं मला.

पण एखादा नंबर सापडला नाही
की मॅक्रो अडून बसायचा.
एरर एक हजार चार, पिवळी पट्टी,
बाहेर रांग, दारातून शेठ, ‘झालं का रे?’
म्हणून वर एक ओळ ठोकली,
ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट.
चुकलं तरी बोलू नको, पुढे चल.

चालला की. बटण दाबलं, सरसर खालपर्यंत.
शेठने चहा सांगितला.

तीन शनिवार.

चौथ्याला जिमाबाई वसावे खिडकीशी परत आली,
तिखटाने सोललेली बोटं,
त्यांत नोटा, घडीसुद्धा न मोडलेल्या.
‘हाई मन्हं नही, भाऊ.
मन्हा पुढे जी उभी व्हती, तिन्हं शे.’

मी म्हणालो, कम्प्युटर चुकत नाही.
(हे वाक्य आठवलं की अजून ठसका लागतो.)
ती म्हणाली, चार दिवस तापात होते.
माझे चौदाच किलो.
कागदावर एक्केचाळीस.
वरच्या ओळीत सोनकी पाडवी,
एक्केचाळीस.

मग दिसलं. सगळ्यांचे नंबर उजव्या कडेला,
हिचा एकटीचा डावीकडे चिकटलेला.
दिसायला आकडा, आतून अक्षर.
व्हीलूकअपला ती सापडलीच नव्हती,
आणि न सापडल्याचं मला सांगू नको
असं मीच बजावून ठेवलेलं.
रिकाम्या हाताने यायच्या ऐवजी
मागच्या बाईचं पातेलं खरवडून
त्याने हिच्या पुढ्यात वाढलं.

ती ओळ पुसली. वर्कशीटफंक्शन काढून
नुसतं ॲप्लिकेशन लिहिलं, उत्तर व्हेरियंटमध्ये घेतलं.
आता दर ओळीला आधी विचारतो, इझएरर?
असेल तर रकाना मोकळा ठेवतो,
उठतो, बाहेर जातो,
आणि बाईलाच विचारतो, किती खुडलं.

मागचे तीन शनिवार उपसले.
पाच ओळी निघाल्या.
तिघींना जास्त गेलेले. शेठ म्हणाले, राहू दे.
एकीला कमी, ते देऊन झाले.
बिल्ला बावन्न, ठुमली तडवी,
तिचे अडीचशे रुपये पाकिटात आहेत,
ती ऊसतोडीला गुजरातकडे निघून गेली.

गावाच्या रकान्यात मीच टाईप केलेलं आहे:
धडगावजवळ.