पांढरा

अकरा जण गेले होते.
नकाशात जिथं खाली खाली नुसती निळी शाई जाते
तिथल्या बेटांवर, पेंग्विनांचे फोटो काढायला.
आले ते थेट माझ्याकडे, प्रभादेवीच्या गल्लीत,
खिशातून कार्डं काढून काउंटरवर ठेवली
प्रसादाच्या पुड्या ठेवाव्यात तशी.

एकेचाळीस हजार फोटो.
सर्फराज म्हणाला, ताई, पेंग्विन एकच आहे,
ह्यांनी वाटून घेतलाय.

खोटं नव्हतं. मान वर, चोच उघडी, मागं धुकं:
टिपणिसांचा, धुरंधर बाईंचा, दोघा डॉक्टरांचा,
प्रत्येकाचा तोच, प्रत्येकाला आपलाच वेगळा.
वास कसा होता विचारलं तर ग्लॅडिस म्हणाली,
ससून डॉक. फक्त गार.
तेवढं एकच मला नीट दिसलं.

माझी अडचण निराळी. पांढरा.
कागदावर पांढरा छापत नाहीत, सोडतात.
बाबा लाल दिव्याखाली म्हणायचे,
सोडायचं किती ते कळलं की धंदा आला.
पण किती सोडू? मी बर्फ पाहिलाय तो
बर्फवाल्याच्या हातगाडीवर, गोणपाटात, भुश्यासकट.
चुन्याचा पांढरा ठाऊक आहे, पेजेचा, मोगऱ्याचा,
ओल्या भिंतीला फुटतो तो मिठाचा.
पेंग्विनाच्या पोटाचा कुठला?

म्हणून मंगळवारी पाच पट्ट्या छापून
भायखळ्याला गेले, राणीच्या बागेत, तिकीट काढून.
काचेला पट्टी लावून उभी, एक डोळा मिटून.
मागं शाळेची पोरं, काचेत त्यांच्या टोप्या,
टोप्यांतून पोहणारे पक्षी.
रखवालदार म्हणाला, बाई, काच पुसायची नसते.
पुसत नाही, जुळवतेय.
कशाशी?
पट्ट्या दाखवल्या. त्यानं टोपी मागं सारली,
बराच वेळ पाहिलं,
आणि चौथीवर बोट ठेवलं.
मी रोज बघतो, म्हणाला. पांढरे नाहीत ते.
माझ्या धुतलेल्या बनियनसारखे आहेत.

चौथी पट्टी. किंचित पिवळी, किंचित मासळीची.
टिपणिसांना पसंत पडली नाही.
एवढे पैसे घालून मळका पेंग्विन बघायला
गेलो नव्हतो, म्हणाले, हसत, पण गंमत नव्हती.
मग दहांचे दहा पांढरेफटक करून दिले.
प्रदर्शनात शोभले. पैसे वेळेवर आले.

अकराव्याचं कार्ड राहिलं होतं.
नायगावकर, बँकेतले निवृत्त कॅशियर,
सबंध प्रवास बोटीचा कठडा धरून ओकत होते म्हणे.
कार्डात एकोणीसच फोटो.
अठरा हललेले.
एकोणिसावा: लाल जाकिटातले दहा जण
चिखलात पालथे, कोपरांवर, श्वास धरून,
सगळ्यांच्या दुर्बिणीएवढ्या भिंगा समोर रोखलेल्या,
आणि त्यांच्या पाठीमागं उभा एक पेंग्विन
शेवटच्याचे बूट न्याहाळत.

हा कुणालाच नको होता.
चेहरे नाहीत आमचे, म्हणाल्या धुरंधर बाई.

नायगावकर बिल द्यायला आले,
अंगठ्याला थुंकी लावून नोटा दोनदा मोजल्या.
विचारलं, ह्याचा पांढरा कसा हवा?
ते फोटोकडे पाहत राहिले.
माझ्या चष्म्यावर तेव्हा फेस उडालेला, म्हणाले,
तुम्हीच ठरवा.

चौथ्या पट्टीवर छापला. दोन प्रती.
एक त्यांना दिली. दुसरी गुंडाळून
बनियनवाल्यासाठी भायखळ्याला नेली,
आणि बुधवारी बाग बंद असते हे फाटकापाशी आठवलं.

तिथंच उन्हात उलगडून पाहिली.
थोडी आणखी मळवायला हवी होती.