तार

फेब्रुवारीत केनोशाचं सरोवर
काठापाशी पांढरं, पलीकडे शाईसारखं.
लेस्टर व्रोबेल तळघरात उतरतो
स्वेटरवर स्वेटर चढवून,
पिनबॉलच्या मशीनची काच ओढून काढतो,
भिंतीला टेकवतो,
खाली जुना टॉवेल घालायला विसरत नाही.

मशीन बोलिंगच्या अड्ड्यावरचं. अड्डा बुडाला,
मालकाने उधारीपोटी दिलं :
"तूच ने. पाणबुड्याचा एक पाय रंगातून गेलाय,
पण डावा फ्लिपर अजून लाथ घालतो."

आता त्याला हवीय कडेकडेने उजेडाची एक रेघ,
चढावरून वर, शिंपल्याला वळसा घालून
बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीपर्यंत.
टपालाने आलीय. पाच मीटर, समुद्री हिरवी.
शेवईहून थोडी जाड, आणि विझलेली असताना
काहीच नाही,
कपडे वाळत घालायची दोरी.

जोडणं मात्र खायचं काम नाही.
वरचं साल सोलायचं,
आतला पांढरा थर नखाने खरवडायचा
आणि त्याभोवतीच्या दोन तारा सांभाळायच्या
केसाहून बारीक, शिंकलं तरी तुटणाऱ्या.
लेस्टरचे हात गेल्या वर्षापासून थरथरतात.
मशीनलाही थरथर चालत नाही :
जास्त हलवलंत की 'टिल्ट'चा दिवा,
फ्लिपर मान टाकतात,
गोळी आपली निमूट खाली.

पहिली तुटली.
दुसरी तुटली, तेव्हा तो पोलिशमध्ये काहीतरी बोलला
जे त्याची आई फक्त कोंबड्यांना बोलायची.
तिसऱ्या वेळी मनगटाखाली पिठाची पिशवी ठेवली,
श्वास धरला,
सोल्डरचा थेंब चमकला, बसला.

मग कडेने मासे पकडायच्या दोऱ्याने
बोटबोटभर अंतरावर टाके.
काडेपेटीएवढा इन्व्हर्टर आत, लाकडाला चिकटवलेला.
बटण.

तळघरात हिरवं पाणी भरलं.
तार गरम नाही, चटका नाही,
नुसती उजळलेली, जणू कोणी तिला
रात्रीचा समुद्र पाजलाय.
पाणबुड्याचा नसलेला पायसुद्धा
असल्यासारखा दिसायला लागला.

"ट्रीना! खाली ये!"
नऊ वर्षांची नात अर्ध्या जिन्यात थांबली,
दोन्ही कानांवर हात.
"आजोबा, ते ओरडतंय."
"कोण?"
"ते हिरवं."

त्याने बंद केलं. तिने हात खाली घेतले.
चालू केलं. हात वर.
मग तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
डोळे मिटायला लावले, आणि बटण दाबत राहिला :
आता? हो. आता? नाही. आता? नाही. आता?
हो, हो, आजोबा, पुरे.
एकदाही चुकली नाही.

लेस्टर खुर्चीवर बसला.
एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात,
पत्रा दाबणाऱ्या यंत्राशेजारी. कानात कापूस
घालणाऱ्याला तेव्हा हसायचे, तोही हसायचा.
"मला वाटत होतं," तो म्हणाला,
"या गावातले रातकिडेच कमी झाले."

ट्रीनाने जरा विचार केला.
"नाही. खूप आहेत. उन्हाळ्यात झोप येत नाही."

"कसा आहे गं, हा आवाज?"
"पाण्याखाली कुणीतरी शिट्टी वाजवतंय
आणि श्वास घ्यायला थांबतच नाही."

दोघांनी मिळून इन्व्हर्टरला लोकरी मोजा घातला.
अजून? थोडा.
दुसरा मोजा. अजून?
"आता चालेल," ती म्हणाली,
आणि काच लावायच्या आतच स्प्रिंग ओढून
गोळी सोडली. तीन वेळा डोलकाठी,
मग सरळ दोन्ही फ्लिपरच्या मधून, गेली.
"माझी चूक नाही," ट्रीना म्हणाली.
"कुणाचीच नसते," लेस्टर म्हणाला.

ती झोपायला वर गेल्यावर
त्याने मोजे काढले, दोन्ही,
आणि कान लाकडाला लावून उकिडवा बसून राहिला.
गुडघे दुखेपर्यंत.
वर फ्रीज सुरू झाला, तो ऐकू आला.