चूक : अधिक-उणे

दिवाडीच्या फेरीबोटीत सर
नेहमी इंजिनाला चिकटून उभे राहायचे,
त्या आवाजात म्हणे विचार चांगला होतो.
डॉक्टर आलेइश कुलासो. काखेत पावाची पिशवी,
बोटांना मेणाचा वास.

तरुणपणी अकरा वर्षं ते खाणीत होते,
सोनं उपसून झालेल्या पोकळीत, दीड मैल खाली,
प्रोटॉन फुटतो का बघत.
नाही फुटला.
वहीत रोज तारीख, पुढे : काही नाही.
"अकरा वर्षं काहीच नाही?"
"काही नाही तेसुद्धा मोजावं लागतं, गो बाये."

मग गावी परतले. कॉलेजात आम्हाला शिकवलं
आणि फेस्ताच्या उन्हात, कन्फ्रारीची लाल ओपमुर्स घालून,
छत्राचा दांडा धरून चालले;
पायात प्रयोगशाळेतलेच बूट.
विभागात लोक हसायचे. माझे वडीलही,
लघुरुद्र आटपून येताना, सोवळ्यातच म्हणायचे :
एवढा शिकलेला माणूस!

सांतान घंटा वाजवायचा. डोळा लागला तर उशिरा.
सरांचं घड्याळ महिन्याला सेकंदभरही चुकत नसे,
तरी आंजेलसची घंटा झाली की ते थांबत,
टोपी काढत,
आणि काटे मागे करून घेत.

परवा त्यांची कपाटं आवरताना वही मिळाली.
अठरा वर्षांच्या संध्याकाळी,
प्रत्येकीपुढे किती मिनिटं उशीर.
सरासरी कुठेच काढलेली नाही.
एका पानावर, पेन्सिलीनं :
सांतान तापानं आजारी. मी वाजवली.
चार मिनिटं लवकर.
कारण : माहीत नाही.