हजेरी

बुधवारी सातवा धडा होता.
'दुष्ट पारध्याने जाळे पसरले.'
बाई वाचत गेल्या. त्यांचा काय दोष,
पुस्तकात होतं तसंच वाचलं.
आणि एकोणतीस मुंडकी एकदमच
मागच्या रांगेकडे वळली,
जिथं माझी पवित्रा बसते.

खाली प्रश्न: पारधी दुष्ट का होता?
दोन वाक्यांत उत्तर लिहा.
तिनं एकच लिहिलं:
त्याच्या घरी पीठ नव्हतं.
बाईंनी लाल फुली मारली, बाजूला लिहिलं,
धड्यात शोधा.

रात्री बेड्यावर लाइट नव्हती.
इंदल म्हणाला, "उद्यापासून नाही धाडत तिले.
मी शिकवतो घरी.
कुसळी, पवन्या, मारवेल,
कोन्त्या गवतात लावा बसते, कोन्त्यात तितर,
तणमोराचा नर पावसात उड्या कायले मारते
आन् मादी कुठून पायते.
हे येते का त्या बाईले? त्या पुस्तकाले येते का?"

"नाही येत," मी म्हटलं.
"पण तुले भागाकार येते का?"
तो गप्प. मग म्हणाला, "शिकतो उद्या."
मला हसू आलं, त्यालाही आलं,
अंधारात दोघांचे दात तेवढे दिसले असतील.

त्याच्या आजानं
रात्रीतून तीनदा उठून पाटलाच्या ओट्यावर हजेरी दिली.
नाव पुकारलं की, हाव जी.
कायदा गेला, पाटील मेला,
म्हातारा झोपेत म्हणतच होता, हाव जी.
इंदल म्हणतो, हजेरी ते हजेरी.
आता पोरगी देते.
फरक इतकाच का खिचडी भेटते.

फरक मला ठाऊक आहे.
गावातला मोटरपंप चोरीला गेला त्या साली
आधी आमचीच पालं उपसली,
याला तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं.
चौथ्या दिवशी माझ्यापुढं एक कागद आला.
मी अंगठा उठवला.
काय होतं त्यात,
आजवर कुणी वाचून दाखवलं नाही.
तेव्हा मला अक्षर येत नव्हतं.
आता येतं,
पवित्राच्या पाटीवरून उचललेलं,
चुलीपाशी बसून, तिच्या नकळत.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार
त्यानं खरंच शिकवलं.
फासाची गाठ, जी ओढली तर सुटते.
मातीत उमटलेलं साळींदराचं पाऊल.
सकाळी किती तितर ओरडले,
संध्याकाळी किती, वजा करून सांग.
शनिवारी तिनं विचारलं,
"बाबा, तणमोर कसं लिहायचं?
पहिला न का दुसरा ण?"
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं.
पोपट होता, मोर होता, पेंग्विनसुद्धा होता.

रविवारी रात्री त्यानं कणकेची खळ शिजवली,
सातव्या धड्याची पानं
एकमेकांना चिकटवली,
वरून तवा ठेवला, नीट दाबली जावीत म्हणून.

सोमवारी पवित्रा कुणी न उठवता उठली.
म्हणाली, "वेणी घट्ट घाल."
दप्तर भरताना तिनं ते पान उन्हाकडे धरलं.
सहावा, सातवा, आठवा, सगळे धडे
एकमेकांच्या अंगावर चढून आले,
काही अक्षरं सुलटी, काही उलटी.
"वाचता येते व माय अजून," म्हणाली
आणि टेकडी उतरायला लागली.

इंदल तिच्या मागं, दहा पावलं सोडून.
त्याला बाईंशी बोलायचं आहे.
काय बोलायचं ते मला सांगितलं नाही.
निघताना चपला धुऊन घेतल्या त्यानं,
आणि ओल्याच घातल्या.