दोरा तोडायचा दात

चाळीस वर्षं नायलॉनचा दोरा मी दातांनीच तोडला.
कात्री असायची कमरेला, पण तिला हात लागतो,
आणि हात दोन्ही जाळ्यात.
मालपिकाच्या धक्क्यावर बसणाऱ्या आम्हा सगळ्याजणींच्या
वरच्या दातात एक खाच आहे,
सुईच्या नेढ्याएवढी.

माझी वाढत गेली. मार्चमध्ये
सार्डिनच्या जाळ्याची शेवटची गाठ तोडताना
दात उभा चिरला.
आवाज मला आतून आला,
शेजारच्या कार्मिन्याला नाही.

गावातला डॉक्टर म्हणाला, तुकडा माझ्या चिमट्यात आलाय,
मूळ तुमच्या हाडात. कोरुन्याला जा.
गुंगीचं औषध देतील, गाडी चालवणारं कुणी न्या.

गाडी चालवणारं माझं एकच माणूस.
ओबदुलिया.
सहा वर्षं तिच्यावर दात धरून होते मी.
बाबांची होडी तिनं मला न विचारता विकली
मुशीयाच्या कुणाला तरी,
ज्यानं आईचं नाव खरवडून वर हिरवा रंग दिला.

बावन्न किलोमीटर
आम्ही दोघी वायपरकडे बघत बसलो.

सर्जन पोरगेलीशी. सेओआने आडनाव.
क्ष-किरणाचा फोटो तिनं उजेडात धरला:
मूळ टोकाला वळलेलं,
गळासारखं.
मी म्हटलं, गळ ओढायचा नसतो,
आधी आत ढकलायचा, मग वळवायचा.
ती हसली.
दुखलं नाही. नुसतं
दुसऱ्या कुणाच्या तरी घरात
कपाट सरकवतायत, असं वाटलं.

मग टाके. काळा दोरा.
डोळे मिटून मी तिची गाठ मोजली,
दोन वेढे, उलटा एक.
बरी होती. जरा सैल.
कापला मात्र कात्रीनं.

परतताना तोंडात कापसाचा बोळा,
ओठ कुणाचा कोण जाणे,
आणि ओबदुलिया बोलायला लागली.
कार्बायोपर्यंत थांबलीच नाही:
तळ कुजला होता, बँकेचं पत्र आलं होतं,
तू कधी कुणाचं ऐकतेस का?
मला पुष्कळ म्हणायचं होतं.
बोळा आणखी घट्ट चावला.
पाऊण तास, असं सांगितलं होतं सर्जननी.

दारात तिनं काल्द्याचं भांडं ठेवलं,
कोमट, पाला काढून गाळलेलं,
आणि गेली.

रात्री जीभ सारखी तिथं जाते,
होडी गेल्यावर मी धक्क्यावरच्या
रिकाम्या कडीकडे जायचे, तशी.

काल्द्यात मीठ जास्तच होतं.
भांडं परत द्यायला जावं लागेल.